रेषांमध्ये गोष्ट दिसते का?

"मावशी, मी आत्ता मनात गोष्ट सुरू केली, तर ती ह्यांना त्या पडद्यावर दिसेल का गं?"

उज्जैनमधल्या एका दवाखान्यातली ती लहानशी खोली. माझी नऊ वर्षांची भाची पलंगावर उताणी पडलेली. तंत्रज्ञानं आधी टेपनं तिचं डोकं मोजून खुणा केल्या, मग प्रत्येक खुणेवर चिकट मलम लावून एकेक वायर बसवली. वीस-एकवीस वायरींचा झुबका केसांतून निघून यंत्रात गेला होता. केसांना तेल लावायचं नाही असं आदल्या दिवशी बजावलं होतं, त्यामुळे आमची अव्वा सकाळपासून नाराज. तेल न लावता मुलीला घराबाहेर काढायचं म्हणजे काय!

माझ्या धाकट्या बहिणीचं सासर उज्जैनचं. घराणं मराठी, शिंदेशाहीपासून माळव्यात रुजलेलं. आमचं माहेर बेळगावचं, आई धारवाडकडची. त्यामुळे भाचीच्या तोंडी घरात मराठी, शाळेत हिंदी आणि आज्जीशी फोनवर कन्नड. तिन्ही भाषांत तिची बडबड चालते आणि तिन्हींत ती गोष्टी रचते.

पण वर्षभरापासून शाळेतून तक्रार येत होती. मुलगी वर्गात मध्येच हरवते. वाचता वाचता थांबते, एकटक बघत राहते, हाक मारली तरी ओ देत नाही. आम्ही सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. "गोष्टीत गेली असेल," असं म्हणायचो. खोटं कशाला सांगू, मी तर चारचौघांत कौतुकानं सांगायची की आमच्याकडे एक लेखिका तयार होते आहे. अव्वासुद्धा गंमतीनं विचारायची, "एल्लि होगिद्दी?" आणि पोर बावरून म्हणायची, "एल्लू इल्ला."

शेवटी बहिणीनं डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ईईजी करायला सांगितला. म्हणून मी आणि अव्वा उज्जैनला गेलो होतो.

भिरभिरं थांबलं तेव्हा

ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेच्या हालचालींचा आलेख. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक स्पंदनांनी बोलतात. असंख्य पेशींचं हे बोलणं एकत्र होऊन कवटीबाहेर येईपर्यंत इतकं क्षीण होतं की ते मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजावं लागतं. माणसाच्या मेंदूचा असा आलेख पहिल्यांदा घेतला तो जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गर या डॉक्टरांनी, १९२४ साली. खात्री पटेपर्यंत त्यांनी तो प्रसिद्ध केला नाही. पाच वर्षं थांबले, १९२९ मध्ये जगापुढे आणला.

डोळे मिटून स्वस्थ पडलं की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला साधारण आठ ते तेरा लाटांची संथ लय उमटते. बर्गर यांनी तिला 'अल्फा' नाव दिलं. डोळे उघडले की ती दबते. हे आम्ही समोर पाहिलं. भाचीनं डोळे मिटले की पडद्यावरच्या रेषा एका तालात झुलू लागायच्या, उघडले की विस्कटायच्या. नुसती पापणी लवली तरी मोठा डोंगर उठायचा. तो मेंदूचा नव्हे, डोळ्याचा.

मग तंत्रज्ञानं तिच्या हाती कागदाचं भिरभिरं दिलं आणि तीन मिनिटं फुंकत राहायला सांगितलं. पोरगी खुशीत फुंकत होती. दोन मिनिटं झाली असतील. अचानक भिरभिरं थांबलं. तिचे डोळे उघडेच होते, नजर वर कुठंतरी. त्याच क्षणी पडद्यावरच्या सगळ्या रेषा एकदम उंच उसळल्या. टोक आणि लाट, टोक आणि लाट, सेकंदाला तीन, अगदी शिवणयंत्रासारख्या नियमित. आठ-नऊ सेकंद हे चाललं. मग रेषा शांत झाल्या, आणि पोरीनं काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा भिरभिरं फुंकायला सुरुवात केली.

'ॲबसेन्स' प्रकारचा अपस्मार. हातपाय झाडत नाहीत, तोंडाला फेस येत नाही, म्हणून तो कुणाला फिट वाटत नाही. काही सेकंद जाणीवच थांबते. दिवसातून अनेक वेळा असं होऊ शकतं. बहुतेकदा औषधानं आटोक्यात येतो आणि पुष्कळ मुलांचा वयात येताना जातोही, असं डॉक्टरांनी समजावलं. ऐकताना माझे कान मात्र तापले होते. ज्याला आम्ही वर्षभर प्रतिभा म्हणून मिरवलं, ते हे होतं.

रात्री पोर अव्वाच्या कुशीत शिरून विचारत होती, "गोळी घेतल्यावर माझ्या गोष्टी थांबतील?"

दुसऱ्या दिवशी मी हाच प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवला. ते म्हणाले, "त्या आठ सेकंदांत तिला गोष्ट सुचतच नाही. काहीच सुचत नाही. सिनेमा चालू असताना वीज जावी तसं आहे. गोष्टी तिला इतर वेळी सुचतात. उलट, मध्येमध्ये वीज जायची थांबली तर सलग सुचतील."

आपल्या वाचकांपैकी कुणाच्या घरी असं मूल असेल तर एवढं लक्षात ठेवावं. विचारात रमलेलं मूल खांद्याला हात लावला, जवळून हाक मारली की सहसा भानावर येतं. या झटक्यात ते येत नाही. शब्द अर्धा राहतो आणि झटका संपल्यावर मूल काही घडलंच नाही असं वागतं. शंका आली तर घरच्या घरी निदान न करता डॉक्टरांकडे जावं. आम्ही एक वर्ष घालवलं.

पाणीपुरी, पाणीपट्टी आणि ०.३ सेकंद

यंत्रानं आजार पकडला. मग गोष्ट का पकडता येऊ नये? भाचीचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. वाचू लागले तेव्हा कळलं की शास्त्रज्ञ कित्येक दशकं याच प्रश्नाच्या मागे आहेत.

पहिली अडचण अशी की, सर्जनशीलता प्रयोगशाळेत बोलवायची कशी? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० साली एका भाषणात या विषयाकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. त्यांच्या पद्धतीच्या चाचण्यांतली एक अगदी सोपी आहे. एखादी रोजची वस्तू घ्यायची आणि तिचे जितके म्हणून वेगळे उपयोग सुचतील तितके सांगायचे. जे उत्तर फार थोड्यांना सुचतं, ते जास्त नवं.

आम्ही घरी हा खेळ खेळलो. वस्तू घेतली बुट्टी, कारण हा शब्द आपल्याकडे दोन्ही भाषांत तोच. मराठीत विचारलं तेव्हा भाचीनं भाजी ठेवायला, कोंबडी झाकायला, डोक्यावर टोपी म्हणून अशी उत्तरं दिली. मग अव्वानं तेच कन्नडमध्ये विचारलं, तर उत्तरं निराळीच आली. पावसात बाहुलीचं घर, चंद्र पकडायचा सापळा! मूल तेच, बुट्टी तीच. आमच्या घरच्या खेळावरून मी सिद्धांत मांडणार नाही, पण द्विभाषी मुलाला एकाच भाषेत तपासून गुण देणाऱ्यांनी याचा जरा विचार करावा असं मला वाटलं.

अशी कामं करताना मेंदूत काय चालतं? १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलिन मार्टिनडेल यांनी ईईजी लावून पाहिलं. गोष्ट सुचण्याच्या टप्प्यावर सर्जनशील माणसांमध्ये अल्फा लाटा जास्त दिसल्या. सुचलेलं नीट रचण्याच्या टप्प्यावर हा फरक तसा दिसला नाही. पुढे ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठातल्या संशोधकांनाही नव्या कल्पना काढताना अल्फा वाढलेली आढळली. डोळे मिटल्यावर येते तीच ही अल्फा. जणू मेंदू बाहेरचा गलका कमी करून आत कान देतो.

२००४ मध्ये मार्क युंग-बीमन, जॉन कौनिओस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एकदम सुचलं!' हा क्षण पकडला. त्यांचा प्रयोग मराठीत असा सांगता येईल. पुरी, पट्टी, टंचाई. तिन्हींना जोडेल असा एकच शब्द शोधा. सापडला? पाणी! पाणीपुरी, पाणीपट्टी, पाणीटंचाई. उत्तर काही वेळा एकेक शब्द जोडून बघत मिळतं, काही वेळा एकदम चमकतं. चमकून मिळालं तेव्हा, बटण दाबण्याच्या सुमारे ०.३ सेकंद आधी, उजव्या कानाच्या वरच्या भागात वेगवान 'गॅमा' लाटांचा झोत उठला होता. आणि त्याच्याही आधी मेंदूच्या मागच्या, बघण्याच्या भागात अल्फा वाढली होती.

ईईजीला वेळ अचूक कळते, जागा मात्र ढोबळ. जागेसाठी एफएमआरआय वापरतात. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे प्राणवायूयुक्त रक्त जास्त जातं, त्यावरून तो ओळखायचा. हे यंत्र जागा नेमकी सांगतं, पण काही सेकंद मागे राहतं. २००८ मध्ये चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्राउन यांनी सहा जाझ पियानोवादकांना या यंत्रात झोपवून, लोखंड नसलेल्या छोट्या कीबोर्डवर उत्स्फूर्त वाजवायला लावलं. तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागातल्या, स्वतःवर पहारा ठेवणाऱ्या जागा शांत झाल्या आणि मधला, स्वतःला व्यक्त करण्याशी निगडित भाग जागा झाला.

हे वाचताना मला आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व आठवले. बर्गर यांनी पहिला आलेख घेतला त्याच १९२४ साली त्यांचा जन्म. उज्जैनपासून तासाभराच्या अंतरावरच्या देवासला ते १९४८ च्या जानेवारीत क्षयरोगानं आजारी होऊन आले. गायची मनाई, कित्येक वर्षं अंथरूण. या काळात माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानावर पडत राहिली, आणि उठल्यावर त्यांनी त्या धुनांतून नवे राग उभे केले. बाहेरून बघणाऱ्याला ती वर्षं रिकामीच वाटली असतील. पण स्वस्थ असतानाही मेंदूचं एक जाळं कामात असतं. आठवणी, कल्पना, 'असं झालं तर' हा सगळा त्याचा कारभार. २००१ पासून शास्त्रज्ञ त्याला 'डिफॉल्ट मोड' म्हणू लागले. एरवी हे जाळं आणि लक्ष एकवटून काम करणारं जाळं आलटून पालटून चालतात. २०१८ मध्ये रॉजर बीटी यांच्या गटानं १६३ जणांवर, आमच्या बुट्टीच्या खेळासारखी चाचणी देऊन, एफएमआरआय केला. ज्यांची उत्तरं जास्त नवी, त्यांच्यात ही दोन्ही जाळी, आणि त्यांच्यात अदलाबदल करणारं तिसरं, एकमेकांशी जास्त जोडलेली दिसली. 'उजवा मेंदू कलावंताचा, डावा हिशेबनिसाचा' ही समजूत त्यामुळे सोडून द्यायला हरकत नाही.

उज्जैनचे दोन भाऊ

हे सगळं मी बहिणीच्या सासऱ्यांना सांगत होते. ते हिंदीचे निवृत्त शिक्षक. शांतपणे ऐकून म्हणाले, "आमच्या मुक्तिबोधांनी हे यंत्राशिवाय लिहून ठेवलंय."

गजानन माधव मुक्तिबोध (१९१७-१९६४) हे हिंदीतले मोठे कवी, घरची भाषा मराठी. वडील पोलिस खात्यात. १९३० साली उज्जैनमध्ये मिडलच्या परीक्षेत गजानन नापास झाले. पुढे ज्यांच्या कवितेनं हिंदीला वळण दिलं, त्यांच्याबद्दल त्या दिवशीची मोजपट्टी एवढंच सांगत होती. धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध (१९२१-१९८४) मराठीत लिहू लागले. १९५४ साली आलेल्या त्यांच्या कादंबरीचं नावच 'क्षिप्रा', उज्जैनच्या नदीचं. 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या त्यांच्या समीक्षाग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका घरातल्या दोघा भावांनी दोन भाषा निवडल्या, आणि कलाकृती कशी जन्मते हा प्रश्न दोघांनीही आयुष्यभर सोडला नाही. आपल्या सीमाभागातल्या घरांना यात नवल वाटू नये.

गजाननरावांच्या 'एक साहित्यिक की डायरी' या पुस्तकात 'तीसरा क्षण' नावाचा लेख आहे. केशव नावाच्या मित्राशी झालेल्या गप्पांतून त्यात कलेचे तीन क्षण सांगितले आहेत. आधी जगताना येणारा उत्कट अनुभव. मग तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि कल्पनाचित्र होऊन डोळ्यांपुढे उभा राहतो. तिसऱ्या क्षणी ते चित्र शब्दांत उतरू लागतं, आणि उतरता उतरता बदलत पूर्ण होतं.

मार्टिनडेल यांनी आलेखात पाहिलेले सुचण्याचे आणि रचण्याचे टप्पे मुक्तिबोधांच्या दुसऱ्या-तिसऱ्या क्षणाशेजारी ठेवून बघावेसे वाटतात. पण पहिला क्षण? तो कुठल्या प्रयोगशाळेत बोलवायचा? तीन शब्द जोडताना मेंदू ०.३ सेकंदात चमकतो हे खरं, पण कवितेमागचा अनुभव पंधरा वर्षांपूर्वीचाही असू शकतो. यंत्रात वीस मिनिटं झोपवलेल्या माणसाकडून तो काढून घेता येत नाही.

१९६४ च्या सुरुवातीला गजाननरावांना पक्षाघाताचा झटका आला. आधी भोपाळ, मग दिल्लीत उपचार झाले. निदान मेंदूच्या आवरणाच्या क्षयाचं. दीर्घ बेशुद्धीनंतर ११ सप्टेंबरला ते गेले. हयातीत त्यांचा एकही कवितासंग्रह पुस्तकरूपानं आला नव्हता. 'चाँद का मुँह टेढ़ा है' त्याच वर्षी आला. बहिणीच्या सासऱ्यांनी हे सांगितलं तेव्हा भाची शेजारीच बसली होती. तिनं विचारलं, "मग त्यांच्या कविता मेंदूत होत्या की वहीत?" आजोबा म्हणाले, "वहीत होत्या म्हणून वाचल्या." त्या दिवसापासून ती वही घेऊन बसते.

सावली मोजायची, सूर्य नाही

निघण्याआधी आम्ही उज्जैनची वेधशाळा पाहिली. जयपूरच्या सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली. तिथल्या सम्राट यंत्रावर भिंतीची सावली कुठल्या खुणेवर पडली आहे ते बघून वेळ सांगतात. अव्वानं हातातलं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "यंत्र मागे आहे." यंत्र बरोबरच होतं. ते उज्जैनची स्थानिक वेळ दाखवतं, आणि ती भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटं मागे आहे. त्यात दिवसागणिक बदलणारी आणखी थोडी दुरुस्ती जोडावी लागते. तक्ता पाहून हिशेब केला तेव्हा अव्वाचं घड्याळ जुळलं.

मला ईईजीचा पडदा आठवला. तिथंही आपण सावलीच मोजतो. ती खोटी नसते, पण वाचायची कशी ते ठाऊक असावं लागतं. ओळखीची सावली, म्हणजे सेकंदाला तीन लाटा, डॉक्टर क्षणात ओळखतात आणि एका पोरीचं शालेय आयुष्य सावरतं. पण सावलीवरून सूर्यात काय शिजतंय ते सांगणारा भेटला तर सावध व्हावं.

आणि असे भेटतात. बेळगावला परतल्यावर एका नातेवाइकानं जाहिरात दाखवली. मुलाच्या 'ब्रेन वेव्ह' तपासून तो कलाकार होणार की इंजिनिअर ते सांगू, फी अमुक हजार. काही वर्षांपूर्वी 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग असेच गावोगाव निघाले होते. डोळ्यांवर पट्टी बांधलेली मुलं नाकाजवळच्या फटीतून बघून वाचतात हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी दाखवून दिलं. गुन्ह्याच्या तपासातलं 'ब्रेन मॅपिंग'सुद्धा माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात दिला आहे. आरोपीच्या मनाला जेवढा मान, तेवढा तरी आपल्या लेकरांच्या मनाला द्यायला नको का? बीटी यांच्यासारखे अभ्यास अनेकांची तुलना करून एक कल सांगतात. एकट्या मुलाचं भविष्य सांगणारा आलेख अजून कुणाकडे नाही.

गोळी सुरू होऊन आता सहा महिने झाले. शाळेतल्या बाईंची तक्रार थांबली आहे. गोष्टी थांबलेल्या नाहीत. सध्याच्या गोष्टीत क्षिप्रा नदी मलप्रभेला पत्र लिहिते. आपण कधी भेटणार, म्हणून. आजोबांनी नकाशा काढून दाखवलं की क्षिप्रा चंबळ, यमुना करत गंगेतून आणि मलप्रभा कृष्णेतून, दोघी शेवटी बंगालच्या उपसागरालाच मिळतात. पोरीला आनंद झाला, पण लगेच पुढची काळजी लागली. समुद्रात एकमेकींना ओळखायचं कसं?

पत्राचं उत्तर अव्वानं पाठवलं आहे, कन्नडमधून. मलप्रभेची मातृभाषा तीच, असं तिचं म्हणणं. भाचीनं मात्र फोनवर हरकत घेतली. "आज्जी, ती कणकुंबीला जन्मली ना? मग तिला मराठीपण येत असणार."

अव्वा निरुत्तर झाली. दुसरं पत्र आता दोन्ही भाषांत चाललं आहे.